पाण्यावरचा तुकडा

४ फेब्रुवारी

चि. मुंगी,
मामाचा आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. वाचलास की चुलीत घातलास हे मला कळणार नाही, तेवढी तुझी सोय आहे.

पत्र लिहायला मला ताईने बसवलं. तुझी आई माझी थोरली बहीण. तिने बस म्हटलं की मी अजूनही बसतो. तिचं म्हणणं असं की, पोरीने तीन वर्षं बेडूक आणि शेवाळ पाठ करून जीवशास्त्राची पदवी घेतली ती काय मत्स्यबीज केंद्रात गुडघाभर पाण्यात उभं राहून माशांची पिल्लं मोजायला? या पदवीवर आणखी काय काय करता येतं ते मामाने तिला नीट समजावून सांगावं.

आता मी काय समजावणार? मी गावच्या शाळेतला. आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हेडमास्तरांच्या घरी असायची. इस्पितळात शिपाई म्हणून लागलो आणि तपासणीच्या खोलीत जुन्या तंत्रज्ञांच्या हाताखाली पेशंटच्या गाठींचे तुकडे पातळ कापायला शिकलो. पण आमच्या लॅबमध्ये तुझ्या जागी आलेला माणूस तुझ्यासारखाच जीवशास्त्राचा पदवीधर आहे, म्हणून त्याला विचारलं. त्याची ही सहावी नोकरी. आधी औषधं विकली, मग शिकवण्या घेतल्या, बियाण्यांच्या कंपनीत रोपांचे कोंब मोजले, पाण्याचे नमुने तपासले, नव्या औषधांच्या चाचण्यांचे कागद सांभाळले. आम्ही त्याला सहावा म्हणतो आणि तोही ओ देतो. तो म्हणाला, जीवशास्त्र शिकणं म्हणजे चौकात येऊन उभं राहणं. रस्ते खूप, पाटी एकावरही नाही. मी म्हटलं, तरी तुम्ही सहा रस्ते चाललात. तर म्हणाला, नाही हो, पाच रस्त्यांवरून परत आलो.

हे मी ताईला सांगितलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट. परवा लॅबच्या प्रमुख डॉक्टरबाईंच्या टेबलावर तुझ्या अक्षरातलं पाकीट दिसलं. नाव त्यांचं, ज्याच्या हाताखाली वर्षभर शिकलीस त्या मामाचं नाही. मला पाहून त्यांनी ते फाइलखाली सरकवलं. काय लिहिलंस? माझ्याबद्दल काही असेल तर सरळ मला लिहायचं होतं. नोव्हेंबरात झालं ते झालं. डॉक्टरबाईंनी मला जे विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलं. शब्दनशब्द खरं. माझ्या मनावर त्याचं ओझं नाही.

मामी म्हणते, स्वेटर पाठवू का? तिथे पाण्यात थंडी वाजत असेल.

मामा


१९ फेब्रुवारी

चि. मुंगी,
आशीर्वाद.

तुझ्या चार ओळी पोहोचल्या. चार म्हणजे चारच, मी मोजल्या. स्वेटर नको, हे एका ओळीत. पाकिटात डॉक्टरबाईंकडे फक्त शिकाऊ वर्षाचा दाखला मागितला होता, हे दुसरीत. पेशी तपासणीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचं आहे, अर्जाची मुदत तीस एप्रिल, दाखला नसेल तर ते वर्ष झालंच नाही असं धरतात, हे तिसरीत. ठीक आहे. तू म्हणतेस फक्त दाखला मागितला, तर मी तसं धरतो. मात्र दाखला मागायला एवढं जाड पाकीट कशाला लागतं, हे मला कळलेलं नाही.

दाखला अडला आहे तो शेऱ्यावरून, हे तुला ठाऊक आहे. 'कामात निष्काळजीपणा' असा शेरा डॉक्टरबाईंनी तुझ्या फाइलीत स्वतः लिहिला आहे. एकदा लिहिलेलं त्या खोडत नाहीत.

चौथी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. 'मामा, मी गेल्यावर तुकडा परत सापडला का?'

हे का विचारलंस? तुला कुणी काही कळवतं का? सहावा तुला लिहितो का? तो जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून काहीतरी लिहीत बसतो. विचारलं तर म्हणतो, सातव्या नोकरीचा अर्ज. हसून म्हणतो, म्हणजे खरं की खोटं ते कळत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की तसं विशेष काही नाही.

तुला विसर पडला असेल तर आठवण करून देतो. ती शिवणकाम करणारी बाई. छातीतल्या गाठीचा तुकडा आपल्याकडे आला, मेणात बसवून त्याचा ब्लॉक झाला, तू तो कापलास. कापलेली पातळ पापुद्री कोमट पाण्यावर पसरवून स्लाइडवर तू घेतलीस. स्लिपवर सही तुझी. त्या स्लाइडवर गाठीच्या शेजारी एक वाईट तुकडा दिसला. कर्करोगाचा. डॉक्टरबाईंनी त्या बाईला बोलावून तसं सांगितलं, शस्त्रक्रियेचा दिवसही ठरला. मग त्यांनाच शंका आली. ब्लॉक आणखी खोल कापून पाहिला, त्यात काही नव्हतं. तुकडा आधीच्या पेशंटचा होता, पाण्यावर राहून गेलेला, तो या बाईच्या स्लाइडवर चढला. तोवर नऊ दिवस गेले होते. नऊ दिवस त्या बाईने आपल्या मरणाचा हिशोब मांडला, दोन मुलींना कुठे ठेवायचं ते ठरवलं.

याला निष्काळजीपणा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? त्या महिन्यात तुझं लक्ष नव्हतं. एका हातात ब्रश, आणि मन कुठल्याशा अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात. मी पाहत होतो.

मामा


११ मार्च

चि. मुंगी,

मागच्या पत्रात मी लिहिलं की विशेष काही नाही. ते तसंच्या तसं खरं नव्हतं.

तुकडा परत सापडला. एकदा जानेवारीत आणि एकदा गेल्या आठवड्यात. दोन्ही वेळा डॉक्टरबाईंनी लगेच ओळखला, कारण आता त्या प्रत्येक स्लाइडकडे चोर पकडायच्या नजरेने बघतात. कुणाला काही सांगावं लागलं नाही, कुणाला त्रास झाला नाही.

माझा संशय अर्थातच सहाव्यावर गेला. जो माणूस पाच ठिकाणी टिकला नाही, त्याचा हात सहाव्या ठिकाणी बसेलच कशावरून? मी त्याच्यावर नजर ठेवली. फ्रिजचं दार उघडून आत काही शोधतोय असं दाखवायचं आणि कडेने बघायचं. तीन दिवसांत फ्रिजमधल्या प्रत्येक बाटलीचं नाव मला पाठ झालं. चौथ्या दिवशी तो मान वर न करता म्हणाला, "मामा, माझं काही चुकतंय, की माझा चेहरा आवडलाय?" तू गेलीस, पण तुझ्यामागे सगळी लॅब मला मामाच म्हणते.

त्याचं काही चुकत नव्हतं. एक ब्लॉक कापून झाला की तो कागदाची पट्टी घेतो, पाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साय काढावी तशी ओढतो आणि पट्टी पिवळ्या पिशवीत टाकतो. पुढचा ब्लॉक. परत पट्टी. दिवसाला शंभर ब्लॉक असले तर शंभर पट्ट्या. मी म्हटलं, माणसाच्या देहाचं आहे हो ते, असं कचऱ्यात टाकता? तो म्हणाला, "मामा, जे स्लाइडवर गेलं ते माणसाचं. जे पाण्यावर राहिलं ते पुढच्या माणसाचं संकट."

हे ऐकून मला राग आला, आणि तो दोन दिवस गेला नाही.

तुला माझी रीत ठाऊक आहे. मी पट्टी वापरत नाही. पाण्यावर उरलेले कण ब्रशाने एकेक उचलतो, वाटीत ठेवतो, आणि काम संपलं की वाटी आवारातल्या झाडाच्या मुळाशी ओततो. कुणी शिकवलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका लहान मुलाचा ब्लॉक कापताना मनात आलं की याच्या देहाचा कण कचऱ्यात जाऊ नये. तेव्हापासून तसंच. ब्लॉक हातात घेताना देवाचं नाव, वाटी ओतताना देवाचं नाव. एवढीच माझी पूजा, आणि ती मी कुणाला दाखवत फिरलो नाही.

तुला मात्र दाखवली.

सहावा कापतो त्या दिवसांत तुकडा सापडलेला नाही. हे मी आत्ता लिहितोय खरा, पण त्याचा अर्थ काय ते अजून मनात नीट मांडलेलं नाही. मशीनचंही काही असू शकतं. ब्लेडला चिकटून जातं कधी कधी. दुरुस्तीवाल्याला बोलावलं आहे.

मामा


२८ मार्च

मुंगी,

दुरुस्तीवाला येऊन गेला. मशीन चांगलं आहे. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, की हे चालवतो कोण? मला तो प्रश्न आवडला नाही.

मग मी स्लिपा काढल्या. जानेवारीतला तुकडा, सही माझी. मार्चमधला, सही माझी. नोव्हेंबरची ट्रेही काढून पाहिली. शिवणकामवाल्या बाईच्या ब्लॉकवर सही तुझी आहे. पण त्याच्या आधीचा ब्लॉक, ज्यातून तो वाईट तुकडा सुटला, तो मी कापला होता. मला डॉक्टरबाईंनी आत बोलावलं म्हणून खुर्ची तुला दिली, आणि ब्रश तुझ्या हातात ठेवून गेलो.

तरी माझा विश्वास बसला नाही. वाटलं, हा योगायोग असेल. माणूस दुसऱ्यावर संशय घ्यायला एक पुरावा मागतो आणि स्वतःवर घ्यायला दहा. म्हणून रविवारी दुपारी लॅब रिकामी असताना मी एक प्रयोग केला. तू असतीस तर हसली असतीस, मामा आणि प्रयोग. खाटकाकडून काळजाचा तुकडा आणून मी आधीच दोन ब्लॉक करून ठेवले होते. एकाच्या मांसाला निळी शाई लावलेली, दुसरा कोरा. निळा कापला. पाण्यावरचे कण माझ्या रीतीने, देवाचं नाव घेत, ब्रशाने एकेक उचलून वाटीत ठेवले. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. मग कोरा ब्लॉक कापला, त्याची पापुद्री त्याच ब्रशाने पाण्यावर सरळ केली, स्लाइडवर घेतली. असं वीस वेळा केलं.

वीसपैकी तीन स्लाइडवर निळा ठिपका होता.

तो ब्रशाच्या केसांत बसून जातो, मुंगी. वाटीत टाकला असं आपल्याला वाटतं, पण तो केसांत राहतो आणि पुढच्या पाण्यात सुटतो. माझे डोळे पन्नाशीला आले, केसांतला कण मला दिसत नाही. कदाचित पंचविशीतही दिसत नसेल.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी तीन कागद फाडले.

पहिल्या आठवड्यात मी तुला पट्टीने पाणी पुसायला शिकवलं. नियम तोच आहे, भिंतीवर लावला आहे. महिन्याभराने, हात बसल्यावर, तुला पट्टी पिशवीत टाकताना पाहिलं आणि म्हटलं, अगं माणसाचं आहे ते, ब्रशाने उचल. तू म्हणालीस, मामा, पुस्तकात तर कागद सांगितलाय. मी म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याला देव नसेल. तू हसलीस आणि पट्ट्यांचा गठ्ठा कपाटात ठेवून दिलास.

नोव्हेंबरात डॉक्टरबाईंनी तुझ्यासमोर मला विचारलं, "मामा, ही प्रत्येक ब्लॉकनंतर कागदाने पाणी पुसायची का?"

मी म्हटलं, "नाही."

"तुम्ही शिकवलं होतं ना?"

"शिकवलं होतं."

दोन्ही खरं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाण्याच्या भांड्यावरच्या लाल दिव्याकडे पाहत होतो. तू काहीच बोलली नाहीस. तुझं ते गप्प बसणं मी कबुली समजलो, कारण मला तसंच समजायचं होतं. आणि त्या दिवसापासून तुझ्यावर संशय घेत राहिलो. पाकिटावर, चार ओळींवर, माशांच्या केंद्रावर. संशयाला सतत काहीतरी काम दिलं की तो घराकडे वळत नाही.

तीस एप्रिलला अजून वेळ आहे. डॉक्टरबाई परिषदेला गेल्या आहेत, दहा तारखेला येतील. त्यांना सांगेन असं लिहितो आहे. लिहिलेलं मी मोडत नाही, असं मला आजवर वाटायचं.

मामा


१६ एप्रिल

चि. मुंगी,

सोबत दाखला आहे. पाकीट उघडून आधी तो वाच, मग हे.

अकरा तारखेला सकाळी डॉक्टरबाईंकडे गेलो. वीस स्लाइडचा डबा टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी तीनही निळे ठिपके स्वतः पाहिले. बराच वेळ डोळा काचेवरून काढला नाही. मग म्हणाल्या, "मी विचारलं तेव्हा एवढं एक वाक्य जास्त बोलायला काय झालं होतं?" मी म्हटलं, भीती वाटली. नोकरीची नाही. इतकी वर्षं देवाच्या नावाने चूक करत होतो, ते मला कळेल याची. त्या म्हणाल्या, "मामा, त्याच्याशी मला घेणं नाही. एका मुलीचं वर्ष आणि एका बाईचे नऊ दिवस, त्याचं सांगा."

एकदा लिहिलेलं त्या खोडत नाहीत असं मी तुला कळवलं होतं. त्यांनी ते पान फाडलं. दाखला स्वतः लिहिला, चूक कुणाच्या शिकवण्याची होती हेही त्यात घातलं. मी म्हटलं, नाव टाका. पदनाम टाकलं आहे, तेवढं पुरे म्हणाल्या.

मला मशीनवरून काढलं. आता नमुने घेण्याच्या खिडकीत बसतो, नाव आणि नंबर जुळवतो, आणि मी जुळवलेलं सहावा पुन्हा जुळवतो. मागच्या दोन वर्षांत मी कापलेल्या स्लाइड काढून डॉक्टरबाई परत बघताहेत. कपाटातून ट्रे काढून द्यायचं काम माझं. चारशे झाल्या. अजून काही सापडलं नाही. सापडणार नाही असं म्हणायची मला हिंमत नाही. ट्रे ठेवतो आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहतो. त्या म्हणतात, जा, चहा घ्या. मी जात नाही.

एक गोष्ट राहिली. पाच महिन्यांनी परत तपासायला म्हणून शिवणकामवाली बाई सोमवारी आली. डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं, तिच्यासमोर बसवलं आणि स्वतः बाहेर गेल्या. मी त्या बाईला सांगितलं, की तुमच्या स्लाइडवरची चूक शिकाऊ मुलीची नव्हती, माझी होती. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "ती मुलगी माझ्या दुकानात आली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी. माफी मागायला. मी तिला नाही नाही ते बोलले, ती खाली मान घालून ऐकत होती. मग तिने माफी कशाची मागितली?"

तिचा प्रश्न जसाच्या तसा तुला लिहून पाठवतो आहे.

ताईला मी सगळं सांगितलं आहे. ती जेवायला वाढते, बोलत नाही.

मामा


९ मे

चि. मुंगी,
आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. मामीने आधी वाचलं आणि माझ्यासमोर ठेवून आत गेली. दोन वाक्यं. 'अर्ज घेतला, वीस तारखेला प्रात्यक्षिक आहे, चरबीचा ब्लॉक कापून दाखवायचा आहे. माझा प्रत्येक वेळी चुरगळतो, काय करू?' वर 'मामा' नाही, खाली नाव नाही.

हे सगळं पुस्तकात आहे, तुला ते पाठही असेल. मग मला का विचारलं? सवय वाईट, दोन दिवस मी संशय घेतला. वाटलं, परीक्षा बघतेस, मामा पुन्हा काही चुकीचं सांगतो का ते. मग वाटलं, बघत असशील तर बरोबरच करतेस. मग मामी म्हणाली, पोरगी उत्तराची वाट बघत असेल, तुमचं आवरा.

म्हणून सांगतो. चरबी मेणात नीट बसत नाही, मऊ राहते, म्हणून पात्याखाली दबते. ब्लॉक बर्फावर नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेव, पालथा. नेहमीपेक्षा किंचित जाड काप, मशीनवरच्या जाडीच्या एका आकड्याने, दोन नको. पात्याचा न वापरलेला भाग पुढे घे. मशीनचं चाक थांबत थांबत फिरवू नकोस, एका दमात फिरव. भीत भीत फिरवलं की तिथेच चुरगळतं. तीन-चार पापुद्र्या झाल्या की ब्लॉक परत बर्फावर. भांड्यातलं पाणी थोडं कमी गरम ठेव, नाहीतर चरबी पाण्यावर पसरून फुटते, आणि पापुद्री पाण्यावर फार वेळ राहू देऊ नकोस.

एवढं मला येतं. पण मी सांगितलं म्हणून करू नकोस. पुस्तक काढून बघ, तिथे कुणी जाणतं असेल त्याला विचार, आणि प्रात्यक्षिकाच्या आधी एक ब्लॉक मुद्दाम वाया घालवून बघ. तिन्ही जुळली तरच माझं ऐक.

मामा